पत्त्याला शेपटी नवी, गूळ मात्र तोच!



उसाच्या माणसांनी वेबसाइटच्या गोष्टी कशाला कराव्या, असे कोणी म्हणेल. पण आपल्या सभासदांची पोरं आता कोपर-डोंबिवलीकडे घरचा गूळ, काकवी विकतात. त्यातल्याच एकाला कोणा एजंटाने गाठले. म्हणे, "डॉट कॉम जुने झाले. धंद्याच्या नावाची नवी शेपटी घ्या, गूगलवर पहिले दिसाल!" पोराने पैसे भरले. गिऱ्हाईक तेवढेच राहिले; दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा आकडा मात्र फुगला.

आमचे मत स्पष्ट आहे. नव्या शेपट्यांना शोधात झुकते माप मिळत नाही, हे गूगलनेच २०१५ साली जाहीर केले आहे. को ८६०३२ ची चिठ्ठी लावून रोगट बेणे लावले, तर उतारा वाढेल काय?

मग शेपटी अगदीच फुकट? तसेही नाही. 'डॉट कोऑप' सहकारी संस्थांसाठी राखीव आहे. त्यावरून संस्थेची ओळख पटते. 'डॉट भारत' २०१४ पासून देवनागरीत मिळते. पत्ता मराठीत लिहिता येतो. एवढाच काय तो फायदा.

तेव्हा कोपर स्टेशनबाहेर गिऱ्हाइकाला एका दमात सांगता येईल, असा साधा पत्ता घ्यावा. पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. उरलेला पैसा स्वच्छ गुऱ्हाळावर आणि चांगल्या वेष्टनावर घालावा. पत्त्याने गिऱ्हाईक एकदा येईल. दुसऱ्यांदा आणतो तो गूळच.