अनेक गुण, एक ध्यास

काही मुलांच्या अंगी एकच गुण ठळकपणे दिसतो, तर काहींच्या अंगी अनेक गुण एकत्र नांदतात. हात चित्रकलेत रमतो, गणितात बुद्धी चालते आणि गळाही गोड असतो. अशा मुलाने पुढे व्हावे तरी कोण? वडीलधारी माणसे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ऐकवतात. म्हणीत तथ्य आहे. पण ते पुरते नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट प्रदर्शित झाला. पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून तो ओळखला जातो. त्याचे निर्माते धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. तोवरचा त्यांचा जीवनक्रम पाहिला, तर वरील म्हण त्यांनाच लागू पडावी असे वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. पुढे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मुद्रणाचा धंदा केला. जादूचे प्रयोगही केले. यांपैकी एकही व्यवसाय कायमचा ठरला नाही.

परंतु चित्रपटाचा ध्यास लागताच ही सारी विद्या उपयोगी पडली. चित्रकलेने पडदे रंगविण्यास दृष्टी दिली, छायाचित्रणाने कॅमेरा आणि रसायने यांची जाण दिली, तर जादूने चमत्कारांची दृश्ये सुचविली. असे घडले, कारण प्रत्येक विद्या त्यांनी मन लावून हस्तगत केली होती. अर्धवट टाकलेली विद्या ही चिंधी होय. नीट शिकलेल्या विद्येचे मात्र केव्हा ना केव्हा वस्त्र विणता येते.

तथापि, या धाडसाचे मोल केवळ फाळक्यांनीच दिले असे नव्हे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, घरच्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचे कामही केले. आपल्या निवडीचा भार कोणावर पडणार, याचा विचार म्हणूनच निवड करणाऱ्याने अवश्य करावा.

सर्व गुणांना सामावून घेणारे कार्य प्रत्येकालाच सापडेल, असे नाही. ते न सापडल्यास एका गुणास चरितार्थाचे साधन करावे व दुसऱ्यास जन्माचा सोबती मानावे. वैद्याने सतार वाजवली, म्हणून त्याच्या औषधाचा गुण कमी होत नाही.

बाराव्या-तेराव्या वर्षीच 'मी अमुकच होणार' असे ठरले नाही, तर त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. या वयात ठरवावयाचे ते एवढेच, की जे हाती घेतले ते पुरते शिकल्यावाचून खाली ठेवावयाचे नाही. मार्ग उशिरा सापडला तरी चालतो. तो सापडेल तेव्हा हात मात्र तयार असावे लागतात.