चुरचुरतंय? मग थांबा!

‘लावलं की चुरचुरतं, म्हणजे काम करतंय!’ आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा शोध दर आठवड्याला कुणी ना कुणी लावतं. मंडळी, हे साफ चूक. माझ्या टीममधल्या एकीने साखरपुड्याआधी ‘ग्लो’ हवा म्हणून ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि रेटिनॉल एकाच रात्री चेहऱ्यावर थापलं. चेहरा लालेलाल! लाली आठवड्यात गेली, पण गालांवरचे काळपट डाग लग्नाच्या फोटोतही दिसले. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचं हे दुखणंच आहे. दाह ओसरतो, डाग मात्र महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात.

असं का होतं? त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. मृत पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड हे मधलं सिमेंट. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचा त्रास बाहेर. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड वरच्या सुट्या विटांची पकड सैल करतं, म्हणून चेहरा तुकतुकीत दिसतो. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे ते रंध्रांमध्ये शिरून पिंपल्सवर उपयोगी पडतं. पण रोज रोज खरवडलं तर भिंतच ढासळणार ना?

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. आठवड्यातून दोनच रात्री अ‍ॅसिड, समजा सोमवार आणि गुरुवार. चेहरा धुवा, पूर्ण कोरडा करा, एकच अ‍ॅसिड पातळसर लावा आणि वरून सिरॅमाइडवालं मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉलला सुट्टी! बाकीच्या रात्री फक्त डागडुजी, म्हणजे सिरॅमाइड, ग्लिसरीन आणि हवं तर नायसिनामाइड. नायसिनामाइडमुळे त्वचा स्वतःही सिरॅमाइड बनवू लागते. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी तर ही डागडुजी अजिबात चुकवू नये.

आणि सनस्क्रीन? त्याला पर्याय नाही. या अ‍ॅसिडांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. अमेरिकेच्या एफडीएने २००५ साली ग्लायकोलिक, लॅक्टिकसारख्या अ‍ॅसिडांच्या प्रसाधनांवर तसा इशारा छापायला सुचवलं. वापर चालू असेपर्यंत आणि थांबवल्यावरही आठवडाभर उन्हापासून जपा, असा. तेव्हा सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्त, ढगाळ दिवशीसुद्धा.

साधं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबतंय? त्वचा ताणल्यासारखी वाटतेय, सालपटं निघताहेत? मग अ‍ॅसिडची बाटली दोन-चार आठवडे कपाटात. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बास! तरीही आग थांबत नसेल तर सरळ त्वचातज्ज्ञ गाठा, मैत्रिणीचा सल्ला नको. अगदी माझासुद्धा!

बाकी, पुढचा सेल लागला की नव्या सीरमवर झडप घालण्याआधी एवढंच बघा, घरात सिमेंट शिल्लक आहे ना?