ठिगळ लावणाऱ्यांच्या बाजूने

आमच्या लोकांना उद्घाटनाचे जेवढे वेड आहे तेवढे दुसऱ्या कशाचेही नसेल. फीत कापावी, नारळ फोडावा, कोनशिलेवरचा पडदा ओढावा, हारतुरे घ्यावेत, आणि मग त्या वस्तूकडे पुन्हा ढुंकूनही पाहू नये! बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली, हे आमच्या कर्जतच्या शाळेतला पोरगा घडाघडा सांगेल. निदान मी तरी त्याच्याकडून ते पाठ करून घेतो. पण दरसाल पावसाळ्यापूर्वी त्याच घाटात डोंगराच्या कड्यावर चढून, सुटे झालेले दगड हुडकून ते आधीच खाली पाडणारी जी रेल्वेची माणसे आहेत, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव कोणाला ठाऊक आहे काय? उद्घाटन एकदाच झाले. दगड पाडणे मात्र अजून चालू आहे. पुण्याची गाडी सुखरूप पोचते ती या दोहोंपैकी कशामुळे, याचा विचार वाचकांनी फराळाचे ताट बाजूला ठेवून करावा. नको, ताट पुढ्यातच असू द्या. पण विचार जरूर करावा.

हे सारे सुचण्याचे कारण निराळेच आहे. हल्ली व्याख्यानमालांतून आणि शाळा-कॉलेजांच्या पारितोषिक समारंभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. ते असे, की "आपली मुले संगणकावर नवे काही निर्माण करीत नाहीत, परक्यांनी केलेल्या वस्तूंची नुसती दुरुस्ती करतात." हे बोलताना 'दुरुस्ती' या शब्दावर वक्ता असे काही नाक मुरडतो, की जणू समोर कोणी उष्टी भांडी आणून ठेवली आहेत! श्रोतेही माना डोलावतात. त्याच श्रोत्यांत कर्जतहून पहाटेची लोकल पकडून ऐरोलीला नाहीतर पवईला जाणाऱ्या मुलांचे आईबाप बसलेले असतात. ते बिचारे खाली मान घालतात. लग्नाच्या बैठकीत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "मेंटेनन्सला आहे" असे उत्तर आले की मुलीकडच्यांचे चेहरे उतरतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. या तुच्छतेविरुद्ध मला आज भांडायचे आहे, आणि तेही एका अशा वस्तूच्या साक्षीने की जिचे नाव पुष्कळांनी ऐकलेलेसुद्धा नसेल.

त्या वस्तूचे नाव कंपायलर. मॅट्रिक झालेल्या मास्तराने, त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्याने, या विषयात तोंड घालावे हे काहींना रुचणार नाही. न रुचो. यंत्राला माणसाची भाषा कळत नाही. त्याला फक्त आकड्यांत दिलेल्या अगदी बारीक आज्ञा कळतात. माणसाला तशा आज्ञा लिहिणे जिवावर येते. म्हणून माणूस आपल्याला सोयीच्या अशा एका मधल्या भाषेत काम लिहून काढतो, आणि त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून देणारा एक दुभाषा मध्ये बसवतो. हा दुभाषा म्हणजेच कंपायलर. सरकारी कोशांनी त्याला 'संकलक' म्हटले आहे. या शब्दाला मी पूर्वीपासून हसत आलो. परंतु ग्रेस हॉपर नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५२ साली असला पहिला प्रयत्न केला, तेव्हा त्यांचा कार्यक्रम फितीवर साठवून ठेवलेले तयार तुकडे गोळा करून एकत्र जुळवण्याचेच काम प्रामुख्याने करीत असे. म्हणजे ते खरोखर संकलनच होते. तेव्हा कोशकारांना या एका शब्दापुरते तरी माफ करावे!

आता या दुभाष्याने चूक केली तर काय होते ते पाहा. कारकुनाने पत्रात चूक केली तर एक पत्र बिघडते. दुभाषा चुकला तर त्याच्या हाताखालून गेलेले प्रत्येक लिखाण बिघडू शकते, आणि मूळ लिहिणाऱ्याने आपला कागद शंभर वेळा तपासला तरी त्याला त्यात दोष सापडत नाही. कारण दोष त्याच्या कागदात नसतोच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी असल्या दुभाष्यांना मुद्दाम वेडेवाकडे, पण नियमाला धरून असलेले लिखाण देऊन पाहिले. तीन वर्षांत त्यांनी तोवर कोणाला माहीत नसलेले सव्वातीनशेहून अधिक दोष उजेडात आणले. हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. आणि हे दुभाषे काही कोण्या गल्लीबोळातले नव्हते. जगाचा व्यवहार ज्यांच्यावर चालतो तेच होते.

असा दोष सापडला म्हणजे तो दुरुस्त कसा होतो? येथे आमच्या वक्त्यांनी कान द्यावा. प्रथम हजारो ओळींच्या कार्यक्रमातून, दोष दाखवतील एवढ्याच आठदहा ओळी उरेपर्यंत काटछाट करायची. मग त्या दोषाचे मूळ कोटीहून अधिक ओळींच्या कंपायलरमध्ये शोधायचे. ते सापडले, की कित्येकदा दोनच शब्द बदलायचे असतात. पण ते दोन शब्द बदलल्याने दुसरीकडे काही बिघडले नाही ना, हे पाहण्यासाठी आजवर जमवलेल्या हजारो परीक्षा पुन्हा घ्यायच्या. आणि या नव्या दोषाचीही एक परीक्षा कायमची त्यांत भरती करायची, म्हणजे तीच चूक पुन्हा डोके वर काढू शकणार नाही. जीसीसी नावाचा कंपायलर १९८७ पासून असा चालत आला आहे. तो स्वतःच स्वतःचे रूपांतर करतो. त्यातून जो निघतो त्याच्याकडून पुन्हा तेच रूपांतर करवतात, आणि या दोन प्रती तंतोतंत जुळल्या तरच पुढे जाऊ देतात. माझ्या वर्गात शुद्धलेखनाच्या वह्या इतक्या कसोशीने तपासल्या असत्या तर पालकांनी माझ्यावर मोर्चाच आणला असता!

आणि ही दुरुस्ती परक्यांची, आपला तिच्याशी संबंध काय, असे म्हणणाऱ्यांना पवईचा रस्ता दाखवायला हवा. कर्जतहून लोकलने गेलात तर फार तर दोन-अडीच तास लागतील. तेथल्या आय.आय.टी.त प्राध्यापक डी. एम. ढमढेरे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे कंपायलरची कामगिरी सुधारण्याच्या एका प्रश्नाला दिली. तो प्रश्न मी घरगुती भाषेत सांगतो. घरी येण्याच्या दोन वाटा आहेत. बाजारावरून येणारा माणूस नारळ घेऊनच येतो. स्टेशनवरून येणारा रिकाम्या हाताने येतो. कोण कोठून आला हे न पाहता, घरी पोचल्यावर प्रत्येकाला नारळ आणायला पिटाळायचे, हा झाला मूर्खपणा. त्यापेक्षा स्टेशनवाल्यालाच सांगून ठेवावे की बाबा, येता येता घेऊन ये. मग घरातून कोणालाच धाडावे लागत नाही, आणि कोणाचीही खेप वाढत नाही. कार्यक्रमातले तेच ते गणित यंत्राने पुन्हा पुन्हा करू नये म्हणून नेमके हेच करावे लागते. फक्त वाटा दोन नसून हजारो असतात. मोरेल आणि रेनव्हाझ या दोघांनी १९७९ साली यावर एक रीत सुचवली होती. तिच्यातल्या उणिवा हेरून ती व्यवहारात नीट वापरता यावी असा तिचा सुधारलेला अवतार ढमढेऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९३ साली त्यांनी आणि उदय खेडकर यांनी मिळून या तऱ्हेच्या आकडेमोडीला मुळात किती श्रम पडतात याचा हिशेब मांडला. खेडकरांनी दोन सहकाऱ्यांसह २००९ साली या शास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि पवईतच जीसीसीच्या अंतरंगाचे शिक्षण देणारे केंद्र चालवले.

आता सांगा, हे काय 'नवे' आहे? दुसऱ्याच्या रीतीतली उणीव काढली, तिला अस्तर लावले, शिवण पक्की केली. आमच्या व्याख्यात्यांच्या मापाने ही 'नुसती दुरुस्ती'च ठरायची! त्याच पवईत शिकून अमेरिकेत गेलेले विक्रम आडवे यांना त्यांचे शिष्य ख्रिस लॅटनर आणि इव्हान चेंग यांच्यासह एलएलव्हीएम या कंपायलर-रचनेबद्दल २०१२ चा मोठा पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला की मात्र आम्ही 'आमचा, आमचा' म्हणून धावत सुटतो. त्या रचनेला पुढे रोजच्या रोज जे शेकडो हात लागले, त्यांतल्या मराठी हातांचा हिशेब कोण ठेवतो?

शिक्षक म्हणून मला सर्वांत भावलेली सुधारणा मात्र अगदी किरकोळ गणली जाते. पूर्वी हे कंपायलर चूक दाखवीत तेव्हा तऱ्हेवाईक मास्तरासारखे दाखवीत. ओळीच्या शेवटचे विरामचिन्ह राहिले तर बोट ठेवायचे ते पुढच्याच ओळीवर! शिकणारे पोर त्या निर्दोष ओळीकडे तासभर टक लावून बसायचे. जीसीसीने २०१३ पासून चुकीच्या नेमक्या जागेखाली खूण दाखवायला सुरुवात केली, २०१६ पासून शब्दात अक्षर चुकले तर "तुम्हाला अमुक शब्द म्हणायचा होता काय?" असे विचारू लागला, आणि २०१८ मध्ये त्या राहिलेल्या विरामचिन्हाचे बोट एकदाचे योग्य जागी आले. या कामात डेव्हिड माल्कम या गृहस्थांचा मोठा वाटा आहे. जगातल्या किती मुलांचे किती तास त्यांनी वाचवले असतील! परंतु 'चुकीचा निरोप नीट लिहिला' म्हणून कोणाच्या गळ्यात हार पडल्याचे आपण कधी ऐकले आहे? उलट, मुलांची माहिती भरण्याच्या ज्या एका संगणकी तक्त्याशी मला दरवर्षी झुंजावे लागते, तो "काहीतरी चुकले आहे" एवढेच सांगून गप्प बसतो. काय चुकले, कोठे चुकले, ते त्या ब्रह्मदेवाला ठाऊक! त्याच्या उद्घाटनाला मात्र म्हणे मोठा समारंभ झाला होता.

आणखी एक. २०२० साली जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीत एक बदल आला. कार्यक्रमातल्या राशींना नावे देताना पूर्वी रोमन लिपीचाच आधार घ्यावा लागे, नाहीतर अक्षरांचे सांकेतिक आकडे घालण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागे. आता 'बेरीज', 'व्याज', 'शिल्लक' ही नावे सरळ देवनागरीत लिहिता येतात. मराठीच्या अभिमानाने ज्यांची छाती रोज फुगते त्यांच्यापैकी किती जणांना ही बातमी लागली? त्या आवृत्तीतील बदलांच्या लांबलचक यादीत ती एखाददुसऱ्या ओळीत उरकलेली आहे. घोषणा नाही, ठराव नाही, परिषद नाही. कोणीतरी बसून ठिगळ लावले, आणि खालापूरच्या एखाद्या मुलीला आपल्या भाषेत हिशेब मांडता येऊ लागला.

यावर कोणी म्हणेल, की मास्तर, प्रत्येक सुधारणा चांगलीच असते काय? मुळीच नाही. २००९ साली लिनक्सच्या गाभ्यात एक प्रकरण घडले. लिहिणाऱ्याने आधी दार ढकलून आत पाऊल टाकले होते आणि मग 'दार आहे ना?' असे विचारले होते. कंपायलरने चातुर्य लढवले. आत शिरलास त्या अर्थी दार असलेच पाहिजे, मग हा प्रश्न कशाला हवा, म्हणून त्याने तो प्रश्नच काढून टाकला. काम तेवढेच हलके झाले, पण त्या फटीतून चोराला आत येण्याची वाट मिळाली. लिहिणारा आधी चुकला होता हे खरे, तरी फाजील चातुर्य नडले हेही खरेच. पण या उदाहरणाने माझ्या प्रतिपक्षाचे काही साधत नाही. असली फट हुडकणारा आणि कंपायलरला "एवढी हुशारी येथे दाखवू नकोस" असे बजावून ठेवणारा माणूस कोण होता? तोही दुरुस्तीवालाच!

आणि या माणसांची हेळसांड केली म्हणजे काय ओढवते, तेही २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. माहिती दाबून लहान करणारे एक्सझेड नावाचे अवजार जगभरच्या संगणकांत बसलेले आहे. ते सांभाळत होता मुख्यतः एकटा माणूस, तोही फुकट आणि थकलेला. कोणीएक मदतनीस म्हणून आला, दोन-तीन वर्षे इमानाने राबला, विश्वास संपादन केला, आणि मग त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो उघडकीस कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे वाटले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर चहाचा घोट घेऊन गप्प बसला असता. याने खणून काढले. कंपायलरमध्येच असा चोर दडवता येतो आणि मग मूळ लिखाण वाचून तो सापडत नाही, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ सालीच सांगून ठेवले होते. तरीही राखणदाराला पगार द्यायचा म्हटले की सगळ्यांचे हात खिशातच अडकतात.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मोघम नाही. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून शेवटच्या वर्षाला 'नवा' प्रकल्प करावा लागतो. वर्षअखेर त्याची जाड वही बांधून कपाटात ठेवतात, आणि पुढल्या वर्षी दुसरा कोणी मुखपृष्ठ बदलून तीच आणतो. त्याऐवजी ज्या विद्यार्थ्याने चालत्या कंपायलरमधला एक खरा दोष शोधला, आठ ओळींत दाखवला, दुरुस्त केला, आणि ज्याची दुरुस्ती तेथल्या जाणत्यांनी तपासून स्वीकारली, त्याला पूर्ण गुण द्यावेत. वही मागू नये. जीसीसीच्या घरी वर्षातून एक मोठी आवृत्ती निघते, आणि तिच्यासाठी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून नवी भर घेणे बंद होते. तेथून वसंतापर्यंत, पुढल्या आवृत्तीच्या नावाने चालते ती फक्त दुरुस्ती. म्हणजे आपले कंदील उतरले की तिकडे हे काम सुरू. दोषांची यादी सर्वांना उघडी आहे, फी नाही, शिफारशीचे पत्र लागत नाही, आणि कर्जतच्या मुलांना लोकलमध्ये बसायला जागा मिळते, कारण ती तेथूनच सुटते.