किब्ल्याची सावली आणि गच्चीवरचा अँटेना

दहावीचा निकाल लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझा एक विद्यार्थी कळंबला घरी आला. हातात पेढे नव्हते, गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता. "मॅडम, हा चालेल का बघा. अब्बांनी किलोच्या भावाने दिलाय."

त्याच्या वडिलांचं भंगाराचं दुकान आहे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर तो दरवर्षी 'व्यापार' लिहायचा. मी कधी टोकलं नाही, पण लक्षात होतं.

या दांड्याची गोष्ट नववीत सुरू झाली. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची जीएमआरटी दुर्बीण लोकांसाठी खुली असते, तिथे आम्ही मुलांना नेलं होतं. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या 14 खोडदजवळ एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. मुलं परग्रहावरच्या जीवांबद्दल विचारत होती. याने एकच विचारलं, "एवढं वजन फिरतं कशावर?"

मला तो प्रश्न आवडला. अँटेना बनवणं त्या मानाने सोपं आहे. पाइपवर ठरावीक मापाच्या दांड्या बसवल्या की झालं. खरं काम त्याला फिरवण्याचं. आर्वीच्या विक्रम भूकेंद्राची सुमारे 30 मीटरची तबकडी 1971 पासून ज्या उपग्रहांकडे बघत आली, ते सुमारे 36 हजार किलोमीटरवर, आपल्याला एकाच जागी दिसणारे. आपल्या घरांवरच्या छत्र्याही म्हणूनच एकदा आग्नेयेकडे बांधल्या की हलवाव्या लागत नाहीत. पण हवामानाची चित्रं पाठवणारे रशियाचे मेटिओर उपग्रह साधारण 800 किलोमीटरवरून जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत या क्षितिजावरून त्या क्षितिजाखाली बुडतात. तेवढा वेळ अँटेनाने त्यांच्या मागे मान वळवायची. एक अक्ष आडव्या फिरण्याचा, दुसरा वर-खाली होण्याचा.

बाजारात असा तयार सांगाडा मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मी विषय सोडला होता. याने सोडला नव्हता.

तो दांडा म्हणजे जुन्या केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीचा ॲक्च्युएटर. नव्वदच्या दशकात गावोगावी आठ-दहा फुटी छत्र्या लागल्या, त्यातल्या काहींना हा 36 व्होल्टचा जॅक असायचा. आत एक छोटा स्विच असतो, दांडा सरकेल तसे तो ठोके देतो. ते मोजले की किती सरकला ते कळतं. वर-खालीचा प्रश्न सुटला. यूपीएसच्या 12 व्होल्टच्या तीन जुन्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 36 व्होल्टही झाले.

आडव्या फिरण्याला मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचा हब घेतला आणि जीपच्या वायपरची मोटर. या मोटरमध्ये वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज बंद केली की वाऱ्याने अँटेना वळत नाही. पण ती फार जोरात फिरते. वेग कमी करायला सायकलची साखळी लावली, छोटं चक्र मोटरला, मोठं हबला. छोटं म्हणजे फ्रीव्हील, आणि ते उलटं फिरवलं की मोकळं सुटतं! चाचांनी, म्हणजे शेजारच्या वेल्डरने, दोन टाके मारून ते जाम केलं. हे पाच मिनिटांचं काम मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

पहिल्याच रात्री अँटेना दीड फेरी फिरला आणि वायर पिळून तुटली. मग एका फेरीनंतर थांबवणारा खिळा ठोकला.

आता उत्तर कुठे? होकायंत्र लोखंडाजवळ नेलं की काटा भरकटतो. इथे आपल्या घरातलं ज्ञान कामी आलं. दिशेचा कोन सांगणारा इंग्रजी 'अझिमथ' हा शब्द अरबीतून गेला, ती आपली उर्दूतली सम्तच. 28 मेला आपल्या घड्याळात 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर असतो (लीप वर्षात 27 मे). त्या क्षणी उभ्या काठीची सावली किब्ल्याच्या नेमकी उलट पडते. कळंबहून किब्ला पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास 280 अंश. ढगांनी तासभर जीव खाल्ला, पण वेळेला ऊन पडलं. गच्चीवर खडूने रेघ मारली, तिथे 280 लिहिलं, बाकीचे अंश त्यावरून आखले. माझ्या अम्मी खालून विचारत होत्या, जोहरची नमाज झाली ना सगळ्यांची?

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलगी मोबाइलवरून अंश वाचत होती, तो बटणं दाबत होता. लॅपटॉपवर ओळीओळीने अरबी समुद्र उतरला, वर ढगांचे पुंजके. मधली पट्टी काळी गेली, कारण तिथे आमची साखळी अडकली होती.

त्याचे वडील बघायला आले. चित्राकडे त्यांनी मान डोलावली, मग हब हातात धरून हलवला. "बेटा, यात प्ले आहे. बेअरिंग बदल." नंतर मला बाजूला म्हणाले, "मॅडम, मी त्याला दुकानात बसवणार होतो. माणूस मिळत नाही."

मी त्यांना सांगितलं ते असं. गोविंद स्वरूप, ज्यांनी जीएमआरटी उभी केली, त्यांची कल्याणची रेडिओ दुर्बीण 1965 ची. तिच्या सहा फुटी 32 तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या होत्या. जुनं सामान ओळखणारी नजर तुमच्या मुलाकडे आहे, ती तुमच्याकडूनच आली. पण गिअरचं गणित दुकानात शिकायला मिळणार नाही. अकरावी सायन्स नको वाटत असेल तर आयटीआयला फिटर घेऊ द्या. संध्याकाळी दुकान आहेच.

ते "बघू" म्हणाले. 'नाही' म्हणाले नाहीत. फॉर्म भरायला त्याला मी शनिवारी बोलावलं आहे, आणि वडिलांनाही.

आणि हो, 16 जुलैला दुपारी 2 वाजून 57 मिनिटांनी सूर्य पुन्हा काबागृहावर येईल. इकडे तेव्हा बहुधा पाऊस असेल, पण सोलापूर-लातूरकडच्या वाचकांना ऊन मिळालं तर काठी रोवून बघा.