धूर आणि दाखला
तापी-गोमाई संगमावरील प्रकाशा ही दक्षिण काशी. भाविकांच्या या गावाजवळूनच अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गाची अवजड वाहतूक अहोरात्र चालते. जुना ट्रक ओकतो तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, अर्थात मालकाचाच पैसा! एअर फिल्टर बदलला, नोझल व पंप तपासून घेतले, तर बीएस-४ पूर्वीचा ट्रकही बहुधा ६५ हार्ट्रिज एककांच्या मर्यादेत बसतो. परंतु सायलेन्सरमध्ये नळी न घालताच पीयूसी मिळत असेल, तर मिस्त्रीकडे जाणार कोण? २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंड दहा हजारांपर्यंत नेला. त्याचा धाक एका ट्रकवर संसार चालवणाऱ्याला. परिवहन खात्याने आधी तपासणीविना दाखले वाटणारी केंद्रे बंद करावीत.