विश्लेषण : धूमकेतू 27 कोटी किलोमीटरवर, मग घबराट घरात कशी?

'थ्रीआय अ‍ॅटलास' हा धूमकेतू 19 डिसेंबर 2025 रोजी पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला. हे 'जवळ' म्हणजे सुमारे 27 कोटी किलोमीटर. चंद्राच्या अंतराच्या जवळपास 700 पट. तो नुसत्या डोळ्यांना दिसलाही नाही. तरीही त्याआधीचे काही महिने मोबाइलच्या पडद्यावर तो पृथ्वीवर आदळायलाच निघाला होता. लाल बाण, सायरनचा आवाज आणि शेवटी प्रश्नचिन्ह. केजसारख्या तालुक्याच्या गावातही फोन उघडला की हेच. ही घबराट नेमकी कुठून येते?

हा धूमकेतू वेगळा होता का?

होता, पण धोकादायक नव्हता. चिलीतील 'अ‍ॅटलास' दुर्बिणीने 1 जुलै 2025 रोजी तो टिपला. आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेला हा तिसरा ज्ञात पाहुणा. आधीचे दोन म्हणजे 2017 मधील 'ओमुआमुआ' आणि 2019 मधील 'बोरिसोव्ह'. त्याची कक्षा पृथ्वीला छेद देणारी नाही आणि त्याच्यापासून धोका नाही, हे 'नासा'ने सुरुवातीलाच सांगितले होते.

मग परग्रहवासीयांचे यान कुठून आले?

हार्वर्ड विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ आव्ही लोएब यांनी ही वस्तू कृत्रिम असू शकते, अशी शक्यता मांडली. ती 'शक्यता' आहे, हे त्यांच्या लिखाणात होते. बातमीच्या मथळ्यापर्यंत येताना 'असू शकते' गळाले आणि 'यान' तेवढे उरले. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादच्या 'फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी'ने माउंट अबू येथील 1.2 मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्याचे निरीक्षण केले. त्यात नेहमीच्या धूमकेतूंमध्ये सापडतात तेच वायू दिसले, सायनोजनसुद्धा. ही बातमी मात्र कोपऱ्यात गेली.

सायनोजनचे नाव जुन्या घबराटीशी कसे जोडलेले आहे?

1910 मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत हाच विषारी वायू आढळला आणि मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामिय फ्लामारियाँ यांच्या नावावर 'सारी जीवसृष्टी संपेल' अशा आशयाच्या बातम्या छापून आल्या. युरोप-अमेरिकेत लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या; भामट्यांनी 'धूमकेतूवरच्या गोळ्या' विकल्या. धूमकेतूची शेपटी इतकी विरळ असते, की तिचा वातावरणावर काही परिणाम झाला नाही. 115 वर्षांनी तोच वायू पुन्हा सापडला, पण त्याला कुणी घाबरले नाही. या वेळी भीती यानाची होती. भीतीचे कारण बदलते, ती विकण्याची रीत बदलत नाही.

आपल्याकडचा अनुभव काय?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने शेंडेनक्षत्राला अशुभ मानले. फेब्रुवारी 1962 मध्ये 'अष्टग्रही'च्या भीतीने देशभर यज्ञ झाले. जुलै 1979 मध्ये 'स्कायलॅब' ही अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडेल म्हणून लोक धास्तावले. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. 2 एप्रिल 2022 रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून आगीचे लोळ गेले. उल्का, क्षेपणास्त्र, विमान असे तर्क रात्रभर फिरले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी सापडली, तेव्हा ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. उत्तर मिळाले, पण अफवा केव्हाच गावोगाव पोहोचल्या होत्या.

यात बिघडते काय?

बिघडते ते इशाऱ्यावरचा विश्वास. मराठवाड्याच्या आकाशातून खरा धोका येतो तो विजेचा आणि अतिवृष्टीचा. धनेगावच्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, की नदीकाठच्या गावांना फोनवरच्या सूचनेवर विसंबावे लागते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप परिसरातील विजेचा इशारा देते. पण ज्या फोनवर रोज 'महाविनाश' येतो, त्याच फोनवर 'वीज पडण्याची शक्यता, झाडाखाली थांबू नका' हा संदेश आला, तर शेतात असलेला माणूस तो गांभीर्याने का घेईल? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे. माध्यमांना तिचा विसर पडला आहे. प्रश्नचिन्ह लावले की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या वाहिन्या आणि संकेतस्थळे क्लिक मिळवतात. त्याची किंमत वाचक मोजतो.

वाचकाने काय करावे?

दोन गोष्टी पाहाव्यात. बातमीत अंतर किती ते आकड्यात दिले आहे का? आणि ते कुणी मोजले, त्या संस्थेचे नाव आहे का? दोन्ही नसतील, तर ती पुढे पाठवू नये. पुढचा धूमकेतू येईलच. तो दिसण्याजोगा असेल, तर मुलांना घेऊन गच्चीवर जावे आणि पाहावा. तेवढा वेळ फोन खाली ठेवला तरी चालेल.