दुसऱ्यांदा भिताना

"भयपट दुसऱ्यांदा कशाला पाहायचा? भूत कुठून येणार हे ठाऊक झाल्यावर उरले काय?" असे वसतिगृहातल्या मित्रांनी मला विचारले. निव्वळ दचकवणाऱ्या चित्रपटांपुरता त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. ते लवंगी फटाक्यासारखे, एकदाच वाजणार. पण 'तुंबाड'च्या बाबतीत मला तो मुळीच मान्य नाही. प्राध्यापक मंडळी आम्हांला कादंबरी पुन्हा वाचायला सांगतात, मग चित्रपटानेच काय घोडे मारले आहे?

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला. शाळेत असताना मी तो मित्राच्या मोबाइलवर पाहिला. जखडून ठेवलेली म्हातारी, कणकेच्या बाहुल्या, हस्तर आणि न थांबणारा पाऊस, एवढेच लक्षात राहिले. चार रात्री एकटा मोरीत गेलो नाही! सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा एस.टी.चे भाडे जमवून मुद्दाम पाहायला गेलो.

या खेपेस दचकलो नाही. म्हातारीची तर कीवच आली. (तिचे आणि पांडुरंगाचे काम मोहम्मद समद या एकाच मुलाने केले आहे, हे आता ठाऊक होते.) अंगावर काटा आला तो भलत्याच ठिकाणी. हस्तरच्या लंगोटीतून सोन्याच्या मुद्रा कशा काढायच्या, हे विनायक आपल्या मुलाला शिकवतो. आणि पोरगा मन लावून शिकतो, बापाची शाबासकी मिळावी म्हणून!

तो पोरगा मी होतो. मी नऊ वर्षांचा असताना एका भगताने आमच्या आप्पांना सांगितले, की परड्यातल्या उंबराखाली मोहरांचा हंडा आहे. विधीच्या खर्चापायी आईची पोत गहाण पडली. रात्री आप्पा खणत आणि मी बॅटरी धरून उभा राही. मला भीती वाटत नव्हती, हे मुख्य. थोरल्याला सोडून आप्पांनी मला बरोबर घेतले, याचा केवढा अभिमान! चित्रपटाच्या अखेरीस पांडुरंग मुद्रांनी भरलेली लंगोटी नाकारतो. मी बॅटरी आपणहून कधीच खाली ठेवली नाही. खड्ड्याला पाणी लागले, म्हणून आमचे काम थांबले.

एकाचे अनेक हस्तर होतात, तो भाग मात्र मला दुसऱ्यांदाही धसमुसळाच वाटला. असो.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आप्पांना चित्रपटाची गोष्ट सांगितली. ते विडी विझवून ऐकत होते.

"शेवटी सोनं गावलं का त्याला?" त्यांनी विचारले.

"गावलं की."

आप्पा बराच वेळ परड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि पोरगं?"